पाटी केसीची, सीट तबिथा आजींची

मी एक जुनी, राखाडी रंगाची, जरा उंच बांध्याची घरगुती गाडी आहे आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. गाडीने रागावू नये असे म्हणतात. इंजिन तापले तर लोक धावत पाणी आणतात, डोके तापले तर कोणी ढुंकूनही बघत नाही. तरी आज मी बोलणार आहे. कोणाला वाईट वाटले तर वाटू दे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. कंपनीचे नाव मी सांगत नाही. नुसत्या नावावरून माणसे काय काय ठरवून टाकतात ते मी पुरते पाहिले आहे. तिथे तीन वर्षे एका वृद्ध जोडप्याला मी भाजी आणायला आणि नातवंडांना भेटवायला नेले. मग जहाजात चढले आणि मोंबासाच्या बंदरात उतरले. तिथून मेरूला आले, ती कायमचीच.

माझ्या आत एक बाई आहे. म्हणजे फक्त तिचा आवाज. किल्ली फिरवली की ती अगदी गोड सुरात जपानीत दोन वाक्ये बोलते. ती काय म्हणते ते मेरूत कोणाला कळत नाही, आणि तिला गप्प कसे करायचे हेही कळत नाही. तेव्हा ती आपली बोलत राहते.

आता पाटीचे सांगते, कारण सगळे रामायण तिच्यापायी घडले. आमच्या देशात गाडी आली की तिला नंबरची पाटी मिळते आणि पाटीवरची अक्षरे वर्षांमागून वर्षे ओळीने पुढे सरकत जातात. मी आले तेव्हा केसी चालू होते. मग ते संपले आणि केडी सुरू झाले. पाटीवरून गाडी देशात कधी आली एवढेच कळते. ती जन्मली कधी, कुठे झिजली, पोटात काय दुखते, यातले काही म्हणजे काही कळत नाही. पण सांगते कोणाला? चर्चच्या अंगणात, लग्नात, मयताला, जिथे जावे तिथे आमची माणसे आधी पाटी वाचतात आणि मग माणसाला नमस्कार करतात.

माझी पहिली मालकीण डॉक्टर काजुजू. ती गुरांची डॉक्टर होती. माझ्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, म्हणूनच तिने मला घेतले. डोंगराच्या कुशीतल्या तांबड्या चिखलातून जाऊन आम्ही किती गाई वाचवल्या त्याची गणती नाही. एकदा तर मागच्या सीटवर वासरू बसवून आणले होते. वास महिनाभर गेला नाही, पण मला त्याचे दुःख नव्हते. काजुजू तेल वेळेवर बदलायची आणि तारीख दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवायची. उत्तरेला तिची बदली झाली, सरकारी जीप मिळाली, आणि तिने मला मेरूच्या बाजारात बुंडी नावाच्या माणसाच्या गाड्यांच्या अंगणात नेऊन उभे केले. जाताना माझ्या टपावर दोनदा थाप मारली. खरे सांगते, तेव्हा मला रडू आले होते.

बुंडीच्या अंगणात माझ्या शेजारी एक निळी उभी होती. माझ्याच कंपनीची, माझ्याच घडणीची. अंगावर एक ओरखडा नाही, चाके काळी कुळकुळीत आणि पाटी केडीची! मात्र ती माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी होती. आठ वर्षांहून जुनी गाडी देशात येऊ देत नाहीत, आणि ही अगदी काठावर असताना घुसली होती. तोवर ती जपानच्या बर्फाळ भागात राहिली. तिथे बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांची पोटे खाते. बुंडीने तिच्या पोटाला ताजा काळा रंग फासला होता आणि कमरेत रबराचे ठोकळे घालून तिला चार बोटे उंच केले होते. जोर मात्र पुढच्या दोनच चाकांना. निळीचा यात काही दोष नव्हता. तिला सजवले आणि तिने सजून घेतले. माझा राग तिच्यावर कधीच नव्हता.

एका शनिवारी सकाळी चौघेजण आले. शाळेतले उपमुख्याध्यापक मुतुमा सर, त्यांची बायको न्काथा, सरांची आई तबिथा आजी, आणि सरांनी बरोबर आणलेला गॅरेजवाला किरिमी. आजींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना गातुने गावातून मेरूच्या दवाखान्यात डायलिसिसला यावे लागे. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत नऊ किलोमीटर चढउताराची माती. इतके दिवस त्या भाड्याच्या मोटरसायकलवर, दोन माणसांच्या मध्ये बसून येत. आता गुडघे वाकेनात आणि पाठ धरवेना. पावसाळा महिन्यावर आला होता. गाडी घ्यायची ती फक्त आजींसाठी, हे सर स्वतःच बुंडीला म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकले.

न्काथा शाळांचे गणवेश शिवते. कापड हातात आले की आधी उलटे करून शिवण बघायची तिला सवय. तिने कमरेला गुंडाळलेले लेसोचे कापड सोडले, जमिनीवर अंथरले आणि सरळ उताणी होऊन माझ्या खाली सरकली. बुंडीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अहो मॅडम, कपडे खराब होतील! हे किरिमीचं काम."

"कपडे मीच शिवते, मीच धुते," न्काथा खालून म्हणाली.

मग ती निळीच्या खाली गेली, बोटाने रंग खरवडला आणि वास घेतला. बाहेर येऊन तिने दोन्ही गाड्यांचे सीटबेल्ट पार टोकापर्यंत ओढले. पट्ट्याच्या मुळाशी एक लहानसे कापड शिवलेले असते आणि त्यावर पट्टा बनल्याची तारीख असते. गिऱ्हाइकांपैकी शंभरात एकालाही हे ठाऊक नसते, पण हिची नजर शिवणीवर.

"अहो, जरा इकडे या," तिने नवऱ्याला बाजूला बोलावले. "निळी वयाने मोठी आहे. आणि तिचं अस्तर नवं, कापड कुजलेलं. राखाडीच्या खाली चिखल आहे, पण लोखंड धड आहे."

"गाकीची आई, पाटी बघितलीस का?" सर हळूच म्हणाले. गाकी ही त्यांची मुलगी, नैरोबीत शिकते.

"पाटीवर बसून जाणार आहेत का आई?"

"तसं नाही गं. कोओमेकडे केडी आहे. धाकटा भाऊ केडीतून फिरणार आणि थोरला केसीतून? उद्या चर्चमध्ये लोक विचारतील, शाळा सरांना पगार देते की कणसं?"

तेवढ्यात आजींनी काय केले? त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या काठी टेकत माझ्यापाशी आल्या, पुढचे दार उघडले, पाठ फिरवली आणि अलगद सीटवर बसल्या. दोन्ही पाय आत घेतले. कोणाचा हात धरला नाही. मग उतरून निळीपाशी गेल्या. रबराच्या ठोकळ्यांमुळे तिची सीट आजींच्या कमरेच्या वर गेली होती. त्यांनी एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला आणि सोडून दिला.

"मुतुमा," त्या म्हणाल्या, "मी राखाडीत बसेन. त्यात माझी मी बसते."

"आई, आपण एक स्टूल घेऊ. त्यावर पाय ठेवून चढायचं. एकदम सोपं."

"मी काय कोंबडी आहे, माळ्यावर चढायला?"

बुंडी खो खो हसला. सरही हसले. आणि आजींचे बोलणे त्या हसण्यात वाहून गेले. मित्रांनो, म्हातारे माणूस खरे बोलले की ते चुटका म्हणून ऐकायची ही जी रीत आहे ना, तिची मला चीड आहे.

शेवटी सरांनी किरिमीला विचारले. किरिमीने निळीचे तोंड उघडले, कान लावला, मान डोलावली. त्याआधी बुंडीने त्याला टायरांच्या ढिगामागे बोलावून चहापाणी दिले होते, ते मी पाहिले होते. किरिमी म्हणाला, "सर, केडी ती केडी. पुढेमागे विकायला गेलात तर लोक हातातून ओढून घेतील." झाले. जी गाडी आजींना आठवड्यातून दोनदा वर-खाली न्यायची, तिची निवड ती विकताना कशी वाटेल यावरून झाली. मी हॉर्न वाजवू शकले असते तर बाजार दणाणून सोडला असता. पण कोणी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही. आम्हा वस्तूंचे दुःख हेच.

निळी गेली. पाठोपाठ निळ्या रंगाचे प्लास्टिकचे स्टूलही गेले.

तीन आठवड्यांनी मलाही मालकीण मिळाली. कार्विथा नावाची केळी विकणारी बाई, आणि योगायोग असा की तीही गातुनेचीच. तिने पाटी वाचलीच नाही. "केळ्यांचे किती घड बसतील?" एवढेच विचारले. मागच्या सीट आडव्या करून अकरा बसले, तेव्हा ती म्हणाली, "चल गं बाई घरी." मला तिचा स्वभाव त्याच क्षणी आवडला.

मग पाऊस लागला. गातुनेचा रस्ता साबणासारखा झाला. एका मंगळवारी निळी पहिल्याच चढावर फिरकीसारखी गोल फिरली आणि उलट तोंड करून उभी राहिली. सरांनी आजींना परत घरी नेले. "एक वार चुकला तर काय होतंय, शुक्रवारी जाऊ," ते म्हणाले. हे मला नंतर कळले. त्या मंगळवारी कार्विथाला ताप होता आणि मी तिच्या केळीच्या बागेत उभी होते. मला वाटते, तेव्हा तरी कोणीतरी येऊन विचारायला हवे होते. पण केडीवाला केसीवालीच्या दारात कसा जाईल?

शुक्रवारी दुपारी आम्ही बाजाराला निघालो. चहाची पाने वजन करतात त्या शेडच्या वळणावर निळी रस्त्याच्या कडेला आडवी अडकलेली दिसली. तिच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात मिठाने आतून खाल्ला होता. तो मोडला आणि चाक बाहेरच्या बाजूला कलंडले. सर डोक्यावर फाईल धरून पावसात उभे होते. मागच्या सीटवर आजी होत्या. पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि श्वास असा चालला होता की जणू त्या पाण्यातून वर येत आहेत. न्काथा त्यांना धरून बसली होती. निळे स्टूल चिखलात उलटे पडले होते.

मागचे दार उघडून कार्विथाने अकराच्या अकरा घड रस्त्याच्या कडेला फेकले. बाजाराच्या दिवसाची अख्खी कमाई होती ती.

"सर, बघत काय बसलात? आजींना उचला!"

त्यांनी आजींना माझ्या पुढच्या सीटवर ठेवले. त्या दिवशी त्यांना स्वतःहून बसता आले नाही. किल्ली फिरली आणि माझ्यातली बाई नेहमीसारखी गोड बोलली. आजींनी डोळे उघडले.

"काय म्हणते ही?"

"कोणाला माहीत, आजी. रोज बोलते."

"मग उत्तर द्या की कोणीतरी," आजी दम लागत म्हणाल्या. "चल गं बाई. चल लवकर."

मी चारही पायांनी तो चढ चढले. खोटे कशाला सांगू, त्या वाटेवर मी आयुष्यात चालले नाही अशी चालले. आजी वाचल्या. पण डॉक्टर बाहेर येऊन सरांना काय म्हणाले ते न्काथाने परतताना कार्विथाला सांगितले. "डायलिसिसची एक पाळी चुकली, दुसरीला उशीर झाला. छातीत पाणी भरलं. हृदय इतकं ताणलं गेलंय, की ते आता पूर्वीसारखं होणार नाही." हे सांगताना तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. सर मागे, केळ्यांच्या चिकात बसले होते.

त्यानंतर आजी कधीच निळीत बसल्या नाहीत. सरांनी तो हात बदलला, ठोकळे काढले, आजींच्या विनवण्या केल्या. पण तिच्या दोन चाकांना तो चढ झेपत नाही तो नाहीच, आणि आजींनी एकदाच सुनावले, "तू ती चर्चला ने, बाबा. देवाला पाट्या वाचायला आवडत असतील." पुढचे सात महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या माझ्या पुढच्या सीटवर होत्या. दार उघडायच्या, पाठ फिरवायच्या, बसायच्या. हातातल्या पिशवीत कार्विथासाठी उकडलेल्या अळकुड्या असायच्या. किल्ली फिरली, बाई बोलली, की आजी उत्तर द्यायच्या. कधी, "हो गं, झोप लागली," कधी, "नाही, आज मीठ खाल्लं नाही." कार्विथा हसून लोटपोट व्हायची.

"आजी, ती जपानी आहे!"

"असू दे. रोज न चुकता माझी चौकशी करते. घरी पोरगा सकाळी आधी गाडी पुसतो, मग माझ्याकडे येतो."

नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी, बाया चहाची पाने खुडायला निघत होत्या तेव्हा, आजी गेल्या. आपल्या खाटेवर, बसल्या बसल्या. हृदयच थांबले. मंगळवारी कार्विथाने मला बाहेर काढले नाही.

पुरण्याचा दिवस शुक्रवार ठरला. आमच्याकडे मयताची समिती असते. ती जेवणाचे बघते, मंडप बघते आणि गाड्यांची ओळही लावते. दवाखान्याच्या शवागारापासून गातुनेपर्यंत मिरवत जायचे होते. चार दिवस पाऊस उघडला होता, रस्ता कोरडा होता. सर्वांत पुढे शवपेटीची गाडी. तिच्या मागे निळी, धुतलेली, पुसलेली, आरशांना पांढऱ्या फिती, आणि बॉनेटवर फुलांत ठेवलेला आजींचा मोठा फोटो. दंडाला फीत बांधलेला समितीचा एक माणूस हातात कागद घेऊन ओरडत होता, "केडी पुढे! केसी, केबी मागे! फोटोत ओळ चांगली दिसली पाहिजे!"

कार्विथाने मला निळीच्या मागे उभे केले होते.

"बाई, तुम्ही मागे घ्या."

"दादा, मी सात महिने आजींना आणलंय."

"ते ठीक आहे हो, पण ओळ बिघडते. त्यात गाडीला केळ्यांचा चीक लागलाय. शेवटी, त्या ट्रॅक्टरच्या पुढे लावा."

कार्विथाच्या डोळ्यांत पाणी आले. ती भांडकुदळ बाई, बाजारात कोणाला ऐकून घेत नाही, पण मयतात भांडायचे नाही म्हणून तिने चाक वळवले. तिने मला एकेक गाडी ओलांडत मागे नेले. मित्रांनो, त्या चाळीस पावलांत माझ्या इंजिनातले पाणी उकळायचे राहिले. सात महिने जिची पाठ मी सांभाळली, तिला निरोप द्यायला माझी पाटी आड आली!

मग मी पाहिले. निळीचे दार उघडले आणि न्काथा उतरली. अंगावर तिने स्वतः शिवलेला काळा झगा. तिने बॉनेटवरचा फोटो फुलांतून उचलला, छातीशी धरला आणि चालू लागली. समितीचा माणूस मागे धावला, "वहिनी, वहिनी, फोटो पुढे लागतो!" ती थांबली नाही. ओळीतल्या सगळ्या केडीवाल्यांच्या काचा खाली झाल्या. ती माझ्यापाशी आली, पुढचे दार उघडले, फोटो सीटवर ठेवला आणि सीटबेल्ट ओढून त्यावरून घट्ट लावला. तोच पट्टा, ज्याची तारीख तिने एकदा वाचली होती.

सर धावत आले. "गाकीची आई, काय चालवलंयस? लोक बघतायत!"

"बघू देत," न्काथा म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नाही. "कुठे बसणार ते आईंनी बुंडीच्या अंगणातच सांगितलं होतं. तेव्हा आपण हसलो. आज बसू द्या त्यांना."

सरांनी माझ्या पाटीकडे पाहिले. मग मागचे दार उघडून केळ्यांच्या रिकाम्या पोत्यावर बसले. न्काथा त्यांच्या शेजारी बसली. समितीच्या माणसाने कागद खिशात घातला, आणि सगळ्या ओळीला बाजूला सरकून आम्हाला वाट द्यावी लागली. कार्विथाने किल्ली फिरवली. माझ्यातली बाई नेहमीसारखी गोड आवाजात बोलली. आम्ही सगळे थांबलो, पण उत्तर कोणी दिले नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्याही घरी गाडी येईल. दोन गाड्या शेजारी ठेवून एक निवडाल तेव्हा पाटी सर्वांत शेवटी वाचा. ती चार स्क्रूंवर बसते आणि तिच्यामागे काही नसते. खाली वाका, पट्टा ओढून बघा, आणि जिच्यासाठी गाडी घेताय तिला आधी आत बसवा. ती काय म्हणते ते न हसता ऐका. मुतुमा सरही हल्ली शाळेत मुलांना हेच सांगतात म्हणे. बरे करतात. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही.

केळी आता बारा घड होतात आणि मागे मावत नाहीत. तरी कार्विथा पुढच्या सीटवर एकही ठेवत नाही. बाराव्या घडासाठी ती दुसरी खेप करते.